वसईच्या मिस्सात केलेली घाई

दुसऱ्या ख्रिस्ती परंपरेतल्या माणसांशी मैत्री जोडू पाहणाऱ्या, विशेषतः ईशज्ञानाच्या अभ्यासाला नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांसाठी हे लिहीत आहे. मी नगर जिल्ह्यातल्या प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलो. सहा मंडळ्यांनी एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन केली, हे लहानपणापासून ऐकल्यामुळे ऐक्य हा आमच्या घरचाच वारसा आहे, अशी माझी समजूत होती. त्यासाठीची बोलणी १९२९पासून चालली होती, हे मात्र मी कधी मनावर घेतले नव्हते.

वसईच्या कॅथॉलिक मित्राबरोबर मी पहिल्यांदा मिस्साला, म्हणजे कॅथॉलिकांच्या मुख्य उपासनेला, गेलो, तेव्हा प्रभूची प्रार्थना ‘वाईटापासून आम्हांस सोडव’ इथे थांबली आणि आमच्याकडे त्यापुढे म्हणतात ते ‘कारण की राज्य’ हे शब्द माझ्या एकट्याच्या तोंडून मोठ्याने निघाले. तेवढ्यावर मी सावध व्हायला हवे होते, पण ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर घेण्याची, रांग लागताच, आपण सगळे एकाच प्रभूचे, या विचाराने मीही उठून उभा राहिलो. फादरांनी ‘ख्रिस्ताचे शरीर’ म्हटल्यावर काय म्हणायचे हे मला ठाऊक नव्हते. त्यांनी हळूच विचारले, “बाळा, तू कॅथॉलिक आहेस का?” मी नाही म्हणताच माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी आशीर्वाद दिला. बाकावर परतलो तेव्हा मित्राची मान खाली होती.

नवख्याचा पाय नेमका इथेच घसरतो, म्हणून नीट उलगडून सांगतो. आमच्याकडे या विधीला प्रभुभोजन म्हणतात आणि त्या वेळी इतर मंडळ्यांच्या सभासदांनाही बोलावतात, त्यामुळे एकत्र जेवल्याने एकी वाढेल असे आम्हांला वाटते. कॅथॉलिक श्रद्धेत मात्र तो प्रसाद घेणे म्हणजे त्या ख्रिस्तसभेशी पूर्ण एकरूप असल्याची साक्ष देणे होय. म्हणजे जी एकी अजून झालेली नाही, ती झाली असे मी वेदीसमोर उभा राहून सांगत होतो. ते प्रेमापोटी केले होते, तरी ते खरे नव्हते. रांगेत उभे राहण्याआधी मित्राला विचारा, आणि विचारायला लाज वाटत असेल तर बाकावरच बसून राहा.

यावरून खचून जाऊ नका, कारण जोडणारे पुष्कळ आहे. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला माझा बाप्तिस्मा कॅथॉलिक ख्रिस्तसभा खरा मानते, ही मला अजूनही फार मोठी गोष्ट वाटते. मात्र १८ ते २५ जानेवारीच्या, ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना करण्याच्या सप्ताहात एकदा व्यासपीठावर बसून उरलेले वर्षभर एकमेकांच्या दारात न जाणाऱ्यांकडून हा विषय शिकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १९१०च्या एडिंबरो इथल्या जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरय्या या भारतीय धर्मसेवकांनी मिशनऱ्यांच्या त्यागाची कदर करूनही त्यांच्याकडे मागितले ते मित्र. आणि मैत्रीला घरी जाणे-येणे लागते.

त्या दिवशी मित्राच्या आईने काहीच न विचारता मला जेवायला वाढले. पुढे तो आमच्या मंडळीत आला, तेव्हा प्रभुभोजनाच्या वेळी तो बाकावरच बसून राहिला आणि या खेपेला मला त्याचा अर्थ कळत होता. मी परत येऊन त्याच्याशेजारी बसलो, तोवर त्याने गीतांच्या पुस्तकात पुढचे गीत काढून ठेवले होते.