पासपोर्ट फ्रेंच, पत्ता नाशिकचा: मत देताना या चुका टाळा

२५ जून २०२४, दुपारचे साडेतीन. पॅरिसमध्ये बारा वाजले आणि नॅशनल असेंब्लीच्या, म्हणजे फ्रेंच संसदेच्या खालच्या सभागृहाच्या निवडणुकीचं परदेशस्थ फ्रेंच नागरिकांसाठीचं ऑनलाइन मतदान उघडलं. गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये माझी मावसबहीण आणि तिचा नवरा आपापला लॅपटॉप घेऊन बसले होते. तो बोर्दोकडचा, इथल्या एका वायनरीत कामाला. ती मूळची नाशिकची, पण अकरा वर्षं लियॉनमध्ये राहून फ्रेंच नागरिक झालेली. ईमेलवर ओळखक्रमांक दोघांनाही आला होता. पासवर्ड यायचा होता एसएमएसने. त्याच्या फोनवर तो लगेच आला, पाच मिनिटांत मत देऊन तो चहा टाकायला उठला. हिच्या फोनवर रात्रीपर्यंत काही नाही. मग लक्षात आलं की मतदारयादीत तिचा नंबर अजून +३३ वाला, म्हणजे लियॉनचा होता. ते सिम तिने २०२१ मध्येच बंद केलं होतं.

फ्रेंच पासपोर्ट घेऊन भारतात परतलेल्या किंवा दुबई-सिंगापूरला गेलेल्या मराठी घरांमधून हीच रड वर्षानुवर्षं ऐकते आहे. बहुतेकांचं मत मतदानाच्या दिवशी हुकत नाही. ते आधीच कधीतरी, एखादा फॉर्म ‘नंतर भरू’ म्हणून ठेवला तेव्हा हुकलेलं असतं.

नंबर आणि ईमेल जुनाच ठेवणं

ही चूक सगळ्यात फालतू आणि सगळ्यात महागडी. ऑनलाइन मतदानासाठी ईमेल आणि मोबाइल नंबर दोन्ही कॉन्सुलेटच्या यादीत चालू अवस्थेत असावे लागतात. नवरा-बायकोने एकच ईमेल दोघांसाठी देऊ नये, आपापला द्यावा. नंबर देशाच्या कोडसकट लिहावा आणि देश बदलला की बँकेच्या आधी इथे बदलावा.

दरवेळी चूक मतदाराचीच असते असंही नाही. २०२२च्या निवडणुकीत इंटरनेट मतदानातल्या बिघाडांमुळे फ्रान्सच्या संविधान परिषदेने जानेवारी २०२३ मध्ये दोन मतदारसंघांचे निकाल रद्द केले. एक लॅटिन अमेरिकेचा, दुसरा माघरेब (आफ्रिकेचा वायव्य भाग) आणि पश्चिम आफ्रिकेचा. तिथे एप्रिलमध्ये पुन्हा मतदान घ्यावं लागलं. त्याआधी २०१७ मध्ये तर सायबर हल्ल्याच्या भीतीने संसदेसाठीचं ऑनलाइन मतदान ऐनवेळी बंदच ठेवलं होतं. तेव्हा ‘बसल्या जागी होईल’ यावर सगळी भिस्त ठेवू नका. मतदान केंद्र कुठे लागलंय ते आधी बघून ठेवा.

रविवारी सकाळी लॅपटॉप उघडणं

ऑनलाइन खिडकी प्रत्यक्ष मतदानाच्या कितीतरी आधी बंद होते. २०२४ मध्ये पहिल्या फेरीचं केंद्रावरचं मतदान ३० जूनला होतं, पण ऑनलाइनची वेळ २७ जूनला पॅरिसच्या दुपारी बाराला, आपल्या साडेतीनला, संपली. अमेरिका खंडातली केंद्रं तर शनिवारीच उघडतात, नाहीतर पॅरिसचा निकाल ऐकून तिकडचे लोक मत देत बसतील.

शिवाय ऑनलाइनची सोय सगळ्या निवडणुकांना नाही. नॅशनल असेंब्लीच्या खासदारांसाठी आहे, परदेशस्थ फ्रेंचांच्या स्थानिक सल्लागारांसाठी आहे. राष्ट्राध्यक्षांसाठी नाही, युरोपियन संसदेसाठीही नाही. तिथे एकतर स्वतः केंद्रावर जायचं, नाहीतर कोणाला तरी अधिकार देऊन पाठवायचं.

आणि हा अधिकार देताना हमखास एक घोळ होतो. २०२२पासून प्रतिनिधी दुसऱ्या गावच्या यादीतला असला तरी चालतो. म्हणून लोक खुशाल पॅरिसमधल्या मैत्रिणीच्या नावाने अधिकारपत्र करतात. पण मत तुमच्या केंद्रावरच पडायला हवं. तुमचं नाव मुंबईच्या यादीत असेल तर त्या मैत्रिणीला मुंबईला यावं लागेल! अधिकारपत्र अशाच्या नावे करा जो त्या रविवारी खरोखर तिथे जाणार आहे.

कॉन्सुलेटची नोंद, मतदारयादी आणि गावची यादी यांचा गोंधळ

परदेशात राहणाऱ्या फ्रेंचांची एक नोंदवही असते आणि मतदारयादी वेगळी. नोंद करताना सज्ञान व्यक्तीचं नाव सहसा मतदारयादीतही जातं, पण ‘नको’ म्हणायची मुभा असते आणि घाईत लोक नको म्हणून जातात. नोंदीची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची. ती संपू दिली की यादीतलं नावही धोक्यात.

दुसरं, २०१९पर्यंत नाव फ्रान्समधल्या गावच्या यादीत आणि कॉन्सुलेटच्या यादीत दोन्हीकडे ठेवता यायचं. आता देशभर एकच नोंदणी आहे, एक काहीतरी निवडावं लागतं. कॉन्सुलेटच्या यादीत आलात की गावच्या महापौरासाठीचं मत गेलं. फ्रान्सला परत गेलात की तिथल्या नगरपालिकेत, म्हणजे ‘मेरी’त, जाऊन नाव पुन्हा घालायचं. बरेचजण हे विसरतात आणि नव्या गावात मतदानाला जाऊन हात हलवत परत येतात.

नाव घालायची मुदत पहिल्या फेरीआधीच्या सहाव्या शुक्रवारी संपते. पण त्या मुदतीवरही विसंबू नये. २०२४ मध्ये ९ जूनच्या रात्री राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी असेंब्ली बरखास्त केली आणि यादी तिथेच गोठली. सहा आठवडे सोडा, सोळा दिवसांत ऑनलाइन मतदान सुरू झालं. आपलं नाव कुठे आहे हे फ्रान्स सरकारच्या ‘सर्व्हिस-पुब्लिक’ या साइटवर दोन मिनिटांत कळतं. वाढदिवसाच्या दिवशी बघत जा, लक्षात राहतं.

आपला खासदार कोण, हेच चुकीचं धरणं

असेंब्लीत ५७७ जागा आहेत. त्यातल्या ११ परदेशात राहणाऱ्या फ्रेंचांच्या. जग ११ तुकड्यांत वाटलेलं आहे. भारत अकराव्यात, आणि ही तुकडी रशियापासून चीन, जपान, ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली. नाशिकमधल्या मतदाराचा आणि सिडनीतल्या मतदाराचा खासदार एकच. दुबई मात्र दहाव्यात, आफ्रिकेच्या मोठ्या भागासोबत. त्यामुळे पुण्याहून दुबईला बदली झाली की खासदारही बदलतो.

रेयुनियाँ, न्यू कॅलेडोनिया वगैरेंना यात घुसडू नका. ते ‘परदेश’ नाहीत, फ्रान्सचे सागरापारचे प्रदेश आहेत आणि त्यांच्या २७ जागा वेगळ्या.

या ११ जागा २००८च्या घटनादुरुस्तीने आल्या आणि पहिल्यांदा २०१२ मध्ये भरल्या. अकराव्या मतदारसंघातून तेव्हा तिएरी मारियानी निवडून आले, २०१७पासून आन जेनते. जुनी माहितीपत्रकं वाचून ‘परदेशातल्या फ्रेंचांना फक्त सेनेट’, म्हणजे संसदेचं वरचं सभागृह, असं सांगणारे अजून भेटतात, ते २००८च्या आधीचं चित्र.

इथे पाँडिचेरीची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. तिथून १८७१पासून पॅरिसच्या संसदेत प्रतिनिधी जात होता. मुंबईच्या दादाभाई नौरोजींना १८९२ मध्ये ब्रिटिश संसदेत बसायला लंडनच्या फिन्सबरीतून निवडून यावं लागलं, कारण हिंदुस्थानला तिथे जागाच नव्हती. फ्रेंच हिंदुस्थानला मात्र होती. १९५०च्या दशकात एदुआर गुबेर तिथले शेवटचे खासदार म्हणून पॅरिसला बसत. आजही पुदुच्चेरीत फ्रेंच नागरिकांची मोठी वस्ती आहे, पण स्वतंत्र जागा नाही. तेही याच अकराव्यात.

सल्लागारांच्या निवडणुकीकडे पाठ फिरवणं

सेनेटमध्ये परदेशस्थ फ्रेंचांचे १२ सदस्य असतात. त्यांना तुम्ही थेट निवडत नाही. निवडतात मुख्यतः स्थानिक सल्लागार, आणि त्या सल्लागारांना तुम्ही निवडता. फ्रेंच शाळांच्या शिष्यवृत्त्या, अडचणीतल्यांना मदत, हे विषय याच सल्लागारांपुढे येतात. मुलाच्या फीसाठी शिष्यवृत्ती अडली की लोक तावातावाने खासदाराला मेल लिहितात. ज्याला फोन करायला हवा तो सल्लागार आपल्याच शहरात किंवा फार तर दिल्लीत असतो, आणि त्याच्या निवडणुकीत २०२१ मध्ये मतदान झालं होतं जेमतेम १५ टक्क्यांच्या आसपास.

खासदाराकडून काय मागावं याचंही भान हवं. पासपोर्टची अपॉइंटमेंट तो काढून देत नाही. तो सरकारला लेखी प्रश्न विचारू शकतो, करार आणि करांच्या कायद्यांवर बोलू शकतो. तेवढ्यासाठी त्याला जरूर लिहा.

भारतातलं जुनं मतदार कार्ड जपून ठेवणं

हे नाजूक आहे, म्हणून स्पष्ट सांगते. फ्रेंच नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारताचं जातं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, त्यावर मत देता येत नाही. तरी नाशिकच्या यादीत नाव तसंच राहतं, बूथवर शेजारचे काका ओळखीचे असतात, आणि माणूस जाऊन शाई लावून येतो. असं करू नका, नाव वगळायचा अर्ज द्या.

याउलट ज्याचा पासपोर्ट भारतीयच आहे आणि मुक्काम पॅरिसला, त्याची तऱ्हा वेगळी. भारताच्या निवडणूक कायद्यातल्या २०१०च्या दुरुस्तीनंतर त्याला आपल्या गावच्या यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला स्वतः इथे यावं लागतं. आणि परदेशस्थ भारतीयांसाठी लोकसभेत एकही राखीव जागा नाही.

मावसबहिणीचं पुढे काय झालं? ३० जूनला तिने नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेस पकडली. पावसात मुंबईला उतरली, मत टाकलं, संध्याकाळी परत. दुसऱ्या फेरीला ७ जुलैला पुन्हा तेच. नवऱ्याने तोवर ते कधीच घरून उरकलं होतं. परतल्यावर तिने पहिलं काम केलं ते +९१चा नंबर भरण्याचं, आणि भरून झाल्यावर त्याच्याकडून दोनदा तपासूनही घेतला.