हरिश्चंद्रगडावर थंडीतला पहिला मुक्काम

डिसेंबर-जानेवारीत पहिल्यांदाच गडावर मुक्काम करायचा असेल तर मी हरिश्चंद्रगड सांगते, तोही पायथ्याच्या पाचनई गावातून चढणाऱ्या वाटेने. तोलार खिंडीची दुसरी वाट पुढच्या वेळी. नळीची अवघड वाट तर नवख्यांसाठी नाहीच. पाचनईहून रमतगमत चढलं तरी दोन-तीन तासांत देवळापाशी पोहोचता येतं आणि कड्याच्या पोटातून वाट आडवी जाते तिथे रेलिंग आहे. मुक्कामाला सध्या परवानगी आहे का, ते निघण्याआधी फोन करून गावात विचारून घ्या. हा भाग अभयारण्यात येतो.

थंडी चढताना वाजत नाही, थांबल्यावर वाजते. दुपारच्या उन्हात स्वेटर घालून चढलात तर वर पोहोचेपर्यंत आतून चिंब झालेले असता. गड सुमारे १,४०० मीटर उंच. ऊन कललं आणि कोकणकड्याकडून, म्हणजे गडाच्या कोकणाकडच्या उभ्या कड्याकडून, वारा सुटला की तोच घाम अंगाला झोंबायला लागतो. म्हणून चढताना पॉलिएस्टरचा एकच पातळ टी-शर्ट घाला. सुती नको, तो रात्रभर वाळत नाही. बनियन, टी-शर्ट आणि मोज्यांचा कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवा. वर पोहोचलात की फोटोच्या आधी, चहाच्याही आधी कपडे बदला. मग स्वेटर आणि त्यावर विंडचीटर. विंडचीटर नसेल तर कितीही जाड स्वेटर घ्या, वारा विणीतून आत शिरतोच. कानटोपी हवीच.

रात्री खरी थंडी जमिनीतून येते. अंगावर दोन चादरी घेण्यापेक्षा त्यातली एक अंगाखाली घ्या, तिच्याखाली फोमची मॅट. उद्याचे मोजे स्लीपिंग बॅगमध्येच ठेवा, पहाटे ऊबदार मिळतात.

या दिवसांत गवत वाळून पिवळं पडलेलं असतं आणि कुसळं लोकरीत अशी रुततात की एकेक उपटून काढावं लागतं. त्यामुळे लोकरीचे मोजे मुक्कामापुरतेच. उतारावर वाळलेलं गवत आणि घसारा (सुटी माती-दगड) यांवरून बूट सरकतो, तेव्हा खोल खाचांचे तळवे असलेलेच बूट घ्या आणि आधी आठवडाभर घरात-बाजारात वापरा. पायाची नखं दोन दिवस आधी कापा. उतरताना अंगठा बुटाच्या टोकावर आपटत राहतो. सराव म्हणून सॅक पाठीवर घेऊन जिने चढा, पण उतरण्याचा सराव जास्त करा. गुडघे तिथेच बोलतात.

सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. पाचपर्यंत वर असा, प्रत्येकाकडे स्वतःचा हेडटॉर्च आणि जादा सेल असू द्या. अंधारात कोकणकड्याच्या कडेला अजिबात जायचं नाही. सकाळी बघा, तेही पालथं पडून. गडावरच्या केदारेश्वराच्या गुहेतलं पाणी कमरेएवढं आणि हाडं गोठवणारं असतं. उतरायचंच तर ऊन वर आल्यावर, टॉवेल काठावर ठेवून.

शेकोटी पेटवू नका. एक ठिणगी उडाली तर वणवा डोंगरभर पसरतो. तहान लागली नाही तरी घोट-घोट पाणी पीत राहा. खिशात राजगिऱ्याचे लाडू, चिक्की असू द्या. रात्रीचं पिठलं-भाकरी मात्र चढायच्या आधी पाचनईतच माणसं मोजून सांगा, आयत्या वेळी वर गेल्यावर नको. ते सगळं सामान गावातूनच डोक्यावरून वर येतं.