मुलांना न मारता शिस्त लावायची तर बक्षीस नेमकं कसं द्यायचं

एक धपाटा घातला की पोरगं जागच्या जागी गप्प होतं, म्हणून वाटतं मार लागू पडला, पण त्याला कळतं एवढंच की आईबाबा समोर असताना हे करायचं नाही, मग करायचं काय ते कुणी सांगितलेलंच नसतं. 2016 साली पन्नास वर्षांतले अभ्यास एकत्र करून तपासले, सगळी मिळून सुमारे 1,60,000 मुलं, तेही साध्या चापटीबद्दल, तर मार खाणारी मुलं जास्त ऐकतात असं दिसलं नाही, उलट मारकुटेपणा आणि आईबाबांशी बिघडलेलं नातं याच्याशी संबंध दिसला. मला हे त्याआधीच कळायला हवं होतं. एकदा टॉवेल काढायला मी हात वर केला आणि माझी चार वर्षांची मुलगी दचकून मागे सरकली.

तर सुरुवात एकाच सवयीपासून करा. "नीट वाग" यातून मुलाला काही समजत नाही, "खेळून झालं की ठोकळे डब्यात" हे समजतं. पहिला ठोकळा डब्यात पडला की लगेच, तिथल्या तिथे बोला, "अरे वा, न सांगता उचललास!" नुसतं शहाणं बाळ म्हणून भागत नाही, काय चांगलं केलं ते सांगा. सोबत स्टिकर द्या, चार झाले की रात्रीची गोष्ट त्याने निवडायची. लहान मुलाला आठवडाभर थांबवू नका, आणि मिळालेला स्टिकर रागात काढून तर अजिबात घेऊ नका, ते त्याने कमावलेलं असतं.

रडून लोळायला लागल्यावर "गप्प बस, चॉकलेट देते" हे बक्षीस नाही, लाच आहे, त्यातून लोळलं की मिळतं हेच तो शिकतो. आणि जे मूल आपणहून चित्रं काढतं त्याला चित्रासाठी काही कबूल करू नका, 1973 च्या एका प्रयोगात असं आधी कबूल केलेल्या मुलांचा चित्रातला रस नंतर कमी झालेला दिसला. सवय बसत आली की स्टिकर हळूहळू कमी करा, शाबासकी चालू ठेवा.

खेळणं फेकून मारलं तर ते दहा मिनिटं बाजूला ठेवायचं, लेक्चर नको. हात उठतोय असं वाटलं तर मूल सुरक्षित आहे ना बघून दुसऱ्या खोलीत जा, पाणी प्या. आणि मारून झालंच असेल तर जवळ बसून सरळ म्हणा, "मी मारायला नको होतं, चुकलं माझं." मग ठोकळे दोघं मिळून उचला.