पाऊस पडायच्या आधी एकदा शेत वरून बघून घ्या

नांगरट झालीये, शेत उघडं पडलंय, पेरणीला अजून थोडे दिवस आहेत, तर याच दिवसांत दोन संध्याकाळी काढा आणि गुगल अर्थ, म्हणजे जमिनीचे वरून काढलेले फोटो दाखवणारा गुगलचा नकाशा, उघडून बसा, कारण एकदा पाऊस लागला की चर खोदायला मशीन शेतात शिरत नाही आणि पाणी कुठून येतंय ते तेव्हा कळून काही उपयोग नसतो.

बऱ्याच जणांसाठी गुगल अर्थ म्हणजे आपलं घर वरून कसं दिसतं ते बघायची गंमत. 2005 साली आलं तेव्हा मी पण तेच केलं होतं. पण शेतकऱ्याच्या खऱ्या कामाची गोष्ट त्यात आहे ती म्हणजे जुने फोटो. ही सोय 2009 पासून कॉम्प्युटरवरच्या प्रोग्राममध्ये होती, 2024 मध्ये ती ब्राउझरमध्ये आणि मोबाइलवर पण आली, त्यामुळे आता कॉम्प्युटर नाही म्हणून अडायचं कारण उरलं नाही. आपल्या शेतावर झूम करा, जुन्या फोटोंचा पर्याय चालू करा आणि तारखांची पट्टी मागे मागे न्या. किती मागपर्यंत फोटो मिळतील ते जागेवर अवलंबून आहे, कुठे भरपूर असतात तर कुठे मोजकेच.

आता बघायचं काय? पीक उभं असतानाचे फोटो आधी निवडा. त्यात कुठे पीक पातळ दिसतंय, कुठे पिवळट पट्टा आहे, ते कागदावर लिहून ठेवा आणि मग दुसऱ्या वर्षीचा, तिसऱ्या वर्षीचा फोटो लावा. एखाद्या वर्षी डाग दिसला तर तो रोग असेल, बियाणं असेल, काहीही असेल, पण तोच डाग दरवर्षी त्याच जागी, वेगवेगळ्या पिकात पण दिसत असेल तर दोष जमिनीचा आहे, म्हणजे खाली खडक वर आलाय, नाहीतर जागा चिबड, म्हणजे पाणी धरून राहणारी आहे, नाहीतर जुना ओढा बुजवून कुणीतरी कधीकाळी सपाट केलेला आहे. माझ्या शेतात एक वाकडी पट्टी दरवर्षी पिवळी पडायची आणि मी दोन वर्षं तिला खत घालत राहिलो. जुना फोटो लावला तर ती पट्टी वरच्या ओघळीला सरळ जाऊन मिळत होती, म्हणजे पाणी जमिनीखालून अजूनही त्याच जुन्या वाटेने चाललं होतं. तिथे खत नाही, चर पाहिजे होता.

उघड्या जमिनीचे फोटो पण बघा. ओली माती गडद दिसते, कोरडी फिकट, त्यामुळे पावसानंतर काढलेला एखादा फोटो मिळाला तर ओल कुठे धरून राहते ते लगेच लक्षात येतं. फक्त झाडाची किंवा ढगाची सावली ओल समजू नका, आणि तुलना करताना शक्यतो एकाच महिन्याचे फोटो घ्या, नाहीतर उन्हाळ्याचा फोटो आणि हिवाळ्याचा फोटो शेजारी लावून काहीच कळत नाही.

उताराचं थोडं जपून. कॉम्प्युटरवरच्या प्रो आवृत्तीत, जी 2015 पासून फुकट आहे, शेतावर एक रेघ काढून तिच्यावर राइट क्लिक केलं की एलिव्हेशन प्रोफाइल, म्हणजे उंचीचा आलेख मिळतो. डोंगराकडून पाणी कुठल्या बाजूने येतं, वरचं किती रान आपल्या अंगावर उतरतं हे समजायला तो चांगला आहे. पण बऱ्याच भागात ही उंची 2000 साली स्पेस शटलमधून रडारने केलेल्या मोजणीवर उभी आहे, तिच्यात साधारण 30 मीटर बाय 30 मीटरच्या तुकड्याला एकच आकडा असतो आणि दाट झाडी असेल तर तो आकडा जमिनीचा नाही, झाडांचा पण असू शकतो. म्हणून वाफ्याचा उतार, ठिबकच्या नळीचा उतार, बांधाची लेव्हल हे कृपा करून त्यावरून ठरवू नका, त्यासाठी पाण्याची नळी किंवा लेव्हल मशीनच लावा.

मोजमापाला मात्र त्यातलं रूलर, म्हणजे मोजपट्टी, मस्त आहे. शेताच्या वरच्या बाजूला जिथून पाणी आपल्याकडे वाहतं तेवढ्या रानाभोवती पॉलिगॉन, म्हणजे बंद रेघ, काढा, क्षेत्रफळ लगेच मिळतं. 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी, म्हणजे वरचं रान 4 हेक्टर असेल आणि एका दिवसात 50 मिलिमीटर पडला तर त्या रानावर 20 लाख लिटर पडलं. सगळं वाहून येत नाही, काही मुरतं, पण आधीच भिजलेली जमीन असेल तर बरंचसं येतं, आणि मग आपला दीड फुटी सांडवा त्याला पुरेल का हा प्रश्न आत्ताच स्वतःला विचारायला हवा. पाइपलाइन किती लागेल, कुंपण किती लागेल हे पण असंच मोजता येतं, चढउताराच्या जमिनीत थोडी जास्त धरा.

हद्दीचा वाद यावरून सोडवायला जाऊ नका. वेगवेगळ्या वर्षांचे फोटो एकमेकांवरून काही मीटर सरकलेले असतात, उघड्यावर मोबाइलचं जीपीएस पण 5 मीटर इकडेतिकडे होऊ शकतं, त्यामुळे बांध कुणाचा ते सरकारी मोजणीनेच ठरवा. आणि समोर दिसणारा फोटो आजचा नसतो हे पण ध्यानात ठेवा, बऱ्याचदा तो वर्ष-दोन वर्षं जुना असतो.

मातीचे नमुने घ्यायचे असतील तर ते पण या नकाशावरून घ्या. फोटोत जे पट्टे वेगळे दिसले त्यांचे नमुने वेगळे ठेवा, सगळं शेत एकत्र करून एकच पिशवी पाठवली तर चांगल्या आणि वाईट जमिनीची सरासरी हातात येते आणि ती कुठल्याच तुकड्याला लागू पडत नाही. जिथून माती घेतली तिथे प्लेसमार्क, म्हणजे नकाशावरची खूण, लावून तारीख लिहा, पुढच्या वेळी बरोबर त्याच जागी जाता येतं. पाइपलाइनचा चर उघडा असतानाच वळणं आणि व्हॉल्व्ह मार्क करून ठेवा, बुजल्यावर कुणालाच आठवत नाही. हे सगळं केएमएल फाइल म्हणून सेव्ह होतं, भावाला, शेजाऱ्याला मोबाइलवर पाठवता येतं.

पीक वाढायला लागल्यावर ताजं चित्र पाहिजे तर सेंटिनेल-2 उपग्रहाचे फोटो बघा, कोपर्निकस ब्राउझर नावाच्या वेबसाइटवर ते फुकट दिसतात. साधारण 5 दिवसांनी नवा फोटो येतो, एक ठिपका 10 मीटर बाय 10 मीटरचा, म्हणजे एकरात 40 ठिपके. बारीक काही दिसत नाही, आणि ढग असले की त्या दिवशीचा फोटो गेलाच.

पहिला मोठा पाऊस झाला की मात्र स्क्रीनवर बसू नका. उघडीप मिळताच फोन घेऊन शेतात जा, जिथे पाणी तुंबलंय तिथे, जिथे बांध फुटलाय तिथे उभं राहून प्लेसमार्क लावा, शक्यतो त्याच दिवशी, कारण दोन दिवसांत पाणी मुरतं आणि नेमकी जागा हातातून जाते.