एकाच पिशवीचे दोन आकडे

स्टेम सेल लॅबमध्ये रुजू झाले तेव्हा मला वाटायचं, आकडा मशीन देतं, आपण फक्त रिपोर्टवर उतरवायचा. मग एकदा एकाच ग्राफ्टचा (प्रत्यारोपणासाठी दात्याकडून काढून पिशवीत ठेवलेल्या पेशींचा) नमुना आम्ही आणि दुसऱ्या लॅबने तपासला. सीडी३४ पेशींचा (पृष्ठभागावर सीडी३४ ही खूण असलेल्या, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींचा) आमचा आकडा त्यांच्यापेक्षा बराच कमी आला, आणि मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण प्रत्यारोपणासाठी रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे २० लाख सीडी३४ पेशी ही साधारण किमान मात्रा धरतात. आकडा चुकून कमी आला तर दात्याला विनाकारण पुन्हा पेशी काढून घेणाऱ्या मशीनला जोडतात. चुकून जास्त आला तर अपुऱ्या पेशी दिल्या जातात आणि त्या रुजायला उशीर होतो.

चूक माझ्या हातात सापडली. सिंगल प्लॅटफॉर्म पद्धतीत (म्हणजे एकाच मशीनवर थेट संख्या काढायची) ट्यूबमध्ये नमुना आणि मोजलेले बीड्स, म्हणजे संख्या आधीच माहीत असलेले सूक्ष्म मणी, सारख्याच आकारमानाने घालतात. बीड्सच्या प्रमाणात पेशी मोजल्या जातात. ग्राफ्टचं रक्त घट्ट, चिकट असतं. पिपेटच्या टोकाला बाहेरून लागलेला थेंब मी पुसत नव्हते, आणि कधी नमुन्याचाच काही भाग ट्यूबच्या भिंतीवर वर चिकटून राहायचा. तिथल्या पेशींपर्यंत अँटिबॉडी (पेशींवरची खूण मशीनला दिसू देणारं रसायन) पोचतच नाही. नमुना दहा टक्के कमी पडला की उत्तरही दहा टक्के कमी. रिव्हर्स पिपेटिंग (थोडं जास्त ओढायचं, नेमकं हवं तेवढंच सोडायचं, उरलेलं टोकातच ठेवायचं) पहिल्या आठवड्यातच शिका, आणि हात बसेपर्यंत एकच नमुना पाच-पाच ट्यूबमध्ये घालून आकडे जुळतात का ते बघत राहा.

चुकीची दुसरी जागा गेटिंगची, म्हणजे मशीनच्या आलेखावर कुठल्या पेशी मोजायच्या त्यांची हद्द आखण्याची. १९९६ साली आलेल्या इशेज पद्धतीने क्रम ठरवून दिला: आधी सीडी४५ (पांढऱ्या पेशींवरची खूण), मग सीडी३४, मग सीडी४५ फिका आणि साइड स्कॅटर (पेशीवर आपटून बाजूला विखुरणारा प्रकाश) कमी असलेला पुंजका. तरी त्या पुंजक्याची कड कुठे आखायची, ते डोळाच ठरवतो. किमान १०० सीडी३४ पेशी मोजाव्यात असं सांगतात, पण १०० मोजल्या तरी निव्वळ योगायोगाने दहा-एक इकडेतिकडे होतात. वेळ असेल तर मी जास्तच मोजते.

सर्वांत जास्त वाद मात्र व्हायबिलिटीवरून, म्हणजे किती टक्के पेशी जिवंत आहेत त्यावरून होतात. गोठवलेला ग्राफ्ट वितळवला की ग्रॅन्युलोसाइट्स (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मोठ्या संख्येने मरतात, सीडी३४ पेशी त्यामानाने तगतात. एक लॅब ट्रिपॅन ब्लू या रंगाने सगळ्याच पेशींची व्हायबिलिटी काढते, दुसरी सेव्हन-एएडी या रंगाने फक्त सीडी३४ पेशींची. आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक, आणि तरी दोघंही बरोबर! म्हणून रिपोर्ट हातात आला की आधी विचारा, ही व्हायबिलिटी नेमकी कशाची?

सीएफयू चाचणीत पेशी प्लेटवर वाढवतात; त्यांच्या वसाहती साधारण १४ दिवसांनी बहुतेक वेळा डोळ्यांनीच मोजतात, तिथे दोन लॅब सोडाच, एकाच टेबलावरच्या दोघींचं जुळत नाही. शेजारी बसून एकाच प्लेटवर एकेका वसाहतीवर बोट ठेवून मोजलं, तेव्हा कुठे आमचे आकडे जवळ आले.

यूके नेकाससारख्या, लॅबची गुणवत्ता बाहेरून तपासणाऱ्या संस्था सीडी३४ साठी सर्व लॅबना सारखाच नमुना पाठवतात. तो नमुना लॅबमधल्या सर्वांत अनुभवी माणसाकडेच द्यायची सवय मी पाहिली आहे; मला ती मुळीच पटत नाही. ज्याची पाळी असेल त्यानेच, रोजच्या नमुन्यांच्या रांगेत तो लावावा. निकाल हद्दीबाहेर गेला तर कच्ची डेटा फाइल दुसऱ्या लॅबला द्या आणि गेट त्यांना आखू द्या. त्यांचं उत्तर त्यांच्या स्वतःच्या निकालाशी जुळलं, तर फरक गेटिंगचा होता. तुमच्याच आकड्याजवळ राहिलं, तर पिपेट तपासायला घ्या.