अमेरिकेहून आलेला फोन बडोद्यात अडतो तेव्हा: या चुका टाळा

मुलगा न्यू जर्सीहून सुट्टीला येतो आणि आईसाठी स्वतःचा वर्षभर वापरलेला आयफोन आणतो. दांडिया बाजारातल्या घरी फोन सुरू होतो, वायफायवर सगळं चालतं, नातवंडांचे फोटो येतात. मग जिओचं सिम घातलं जातं आणि पडद्यावर येतं ‘सिम नॉट सपोर्टेड’. तोवर मुलाची परतीची तारीख जवळ आलेली असते. पुढे फोन रावपुऱ्यातल्या मोबाइलच्या बाजारात, मरीमाताच्या खांच्यात जातो, पैसे जातात आणि महिनाभराने तोच संदेश पुन्हा पडद्यावर दिसतो.

या सगळ्याचं मूळ एका गैरसमजात आहे. अमेरिकी मोबाइल कंपनीने फोन आपल्याच सिमला बांधलेला असतो, हेच ते कुलूप, आणि ते काढणं म्हणजे अनलॉक. लोकांना वाटतं, कुलूप फोनमध्ये आहे, तेव्हा फोन उघडणारा कारागीर ते काढेल. प्रत्यक्षात कुलपाची नोंद कंपनीच्या दप्तरी असते. आयफोन ॲक्टिव्हेट होताना ॲपलच्या सर्व्हरला आपला १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, कळवतो आणि कोणतं सिम चालवायचं ते तिथून ठरून येतं. ती नोंद बदलायला ॲपलला सांगू शकते ती फक्त ज्या मोबाइल कंपनीला फोन बांधलेला आहे ती कंपनी. म्हणून अनलॉकचं काम फोन अमेरिकेत असतानाच, खातं ज्याच्या नावावर आहे त्याच्या हातून व्हायला हवं.

फोन ‘फुकट’ मिळाला म्हणून लगेच पाठवणे

अमेरिकेत जुना फोन देऊन नवा ‘फुकट’ मिळतो, पण त्याची किंमत २४ किंवा ३६ महिन्यांच्या बिलांत थोडी थोडी वळती होत असते. ते महिने संपेपर्यंत फोन हप्त्यांवरच असतो आणि हप्त्यांवरचा फोन कंपनी सहसा मोकळा करत नाही. २०१४ साली तिथे कायदा झाला आणि ग्राहकाला आपला फोन अनलॉक करून घेण्याची मोकळीक मिळाली. पण पैसे फिटण्याआधी कंपनीने कुलूप काढलंच पाहिजे, असं त्या कायद्यात नाही.

एटी अँड टी या अमेरिकी मोबाइल कंपनीची अट साधारण अशी: पोस्टपेडचा फोन किमान ६० दिवस त्यांच्या नेटवर्कवर चालू असावा, पैसे पूर्ण फिटलेले असावेत, फोन चोरीचा किंवा हरवलेला म्हणून नोंदलेला नसावा. प्रीपेड असेल तर सहा महिने. टी-मोबाइलकडे पोस्टपेडसाठी ४० दिवस, प्रीपेडसाठी वर्षभर. व्हेरायझनचे नियम बऱ्याचदा बदलले आहेत, ते खरेदीच्या दिवशी त्यांच्याच संकेतस्थळावर पाहावेत. या अटींत एक शब्द लोकांच्या नजरेतून सुटतो, तो म्हणजे ‘चालू’. ते दिवस फोन त्यांच्या सिमवर वापरात असावा लागतो. विकत घेतला, पेटीत ठेवला आणि दोन महिन्यांनी बडोद्याला आणला, तर एकही दिवस मोजला जात नाही.

एटी अँड टीचा अर्ज त्यांच्या संकेतस्थळावर भरता येतो. त्यासाठी त्यांचा ग्राहक असण्याचीही गरज नाही, आयएमईआय पुरतो. मात्र अर्ज भरल्यावर ईमेलवर येणारा दुवा २४ तासांत दाबावा लागतो, नाहीतर अर्ज रद्द होतो. तो ईमेल बऱ्याचदा स्पॅममध्ये जाऊन बसतो, आणि अर्ज ‘नाकारला’ म्हणून जे सांगतात त्यांतल्या काहींचं खरं कारण एवढंच असतं.

टी-मोबाइलच्या सॅमसंग वगैरे फोनमध्ये अनलॉकसाठी वेगळं ॲप किंवा सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अनलॉक’ असतं. तिथे दोन बटणं दिसू शकतात: परमनंट आणि टेम्पररी. टेम्पररी दाबलं तर फोन ३० दिवस कोणतंही सिम घेतो आणि मग पुन्हा बंद होतो. सुट्टीपुरता फोन छान चालला आणि मुलगा परत गेल्यावर अडला, तर आधी हीच शंका घ्या.

नवीनच फोन घ्यायचा असेल तर ॲपलच्या दुकानात ‘कनेक्ट टू एनी कॅरिअर लेटर’ हा पर्याय निवडून पूर्ण किमतीत घ्यावा. तो पहिल्या दिवसापासून मोकळा असतो. इतर दुकानांतून घेताना सावध राहा. काही फोन पेटीत मोकळे दिसतात, पण त्यात पहिलं जे अमेरिकी सिम सुरू होईल त्याच कंपनीला ते बांधले जातात. नातेवाईक कॅनडात किंवा इंग्लंडमध्ये असतील तर प्रश्न बराच हलका होतो. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना कुलूपबंद फोन विकता येत नाहीत.

तपासल्याशिवाय ई-सिम करून घेणे

सगळ्यांत जास्त त्रास देणारी चूक ही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ पासूनच्या फोनना सिमचा ट्रे नाही, सगळं ई-सिमवर, म्हणजे फोनमध्येच उतरवून घ्यायच्या सिमवर चालतं. म्हणून घरची मंडळी आधी आईचं चालतं सिम ई-सिममध्ये बदलायची विनंती पाठवतात. विनंती मंजूर झाली की जुनं प्लास्टिकचं सिम बंद पडतं. आणि नवा फोन कुलूपबंद निघाला, तर नंबर जुन्या फोनवरही नाही आणि नव्यावरही नाही. बँकेचे ओटीपी, गॅसचं बुकिंग, सगळं थांबतं.

क्रम असा ठेवा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट उघडून खाली ‘कॅरिअर लॉक’ ही ओळ पाहा. तिथे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असेल तर फोन मोकळा आहे. ‘सिम लॉक्ड’ असेल तर पुढचं पाऊल टाकू नका. मुलाने ‘अनलॉक झालाय’ असं सांगितलं तरी ही ओळ स्वतः वाचा, कारण कंपनीने मंजुरी दिली तरी फोनला ती वायफायवर जाऊन उचलावी लागते. कधी कधी फोन पूर्ण रीसेट करून पुन्हा सुरू केल्यावरच ओळ बदलते. तो रीसेट आधी करा आणि ई-सिम नंतर घाला. उलट केलंत आणि रीसेटच्या वेळी ई-सिम पुसायचा पर्याय दाबला गेला, तर जुना क्यूआर कोड सहसा पुन्हा चालत नाही, नव्याने विनंती करावी लागते.

जिओसाठी जुन्या सिमवरून १९९ वर एसएमएस जातो: इंग्रजीत ‘गेटईसिम’ हा शब्द सलग, मग एक जागा सोडून ३२ आकडी ईआयडी (फोनमधल्या ई-सिम चिपचा क्रमांक), पुन्हा एक जागा सोडून १५ आकडी आयएमईआय. दोन्ही आकडे नव्या फोनच्या अबाउटमध्ये मिळतात. हाताने उतरवून घेऊ नका, लांब दाबून कॉपी करा. क्यूआर कोड ज्या ईमेलवर येणार तो दुसऱ्या पडद्यावर उघडता आला पाहिजे, आणि नवा फोन वायफायवर असला पाहिजे.

सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. हा सुरक्षेचा सरकारी नियम आहे, बिघाड नव्हे. तेव्हा विजेचं बिल, मुदत ठेव किंवा तिकिटाचं काम ज्या दिवशी आहे त्या दिवशी हा बदल करू नका. शिवाय १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही.

आर-सिमवर पैसे घालणे

सिमच्या खाली चिकटवायची ही पातळ चिप. फोन सुरू होताना ती सिम आणि फोन यांच्या मध्ये बसते आणि हे सिम त्या अमेरिकी कंपनीचंच आहे असं फोनला भासवते. कुलूप तसंच राहतं. पुढचं आयओएस अपडेट आलं, फोन रीसेट झाला किंवा ॲपलने ती वाट बंद केली, की फोन पुन्हा मुका. अबाउटमध्ये ‘सिम लॉक्ड’ तसंच दिसत असल्याने फोन विकतानाही भाव पडतो. ज्या फोनला ट्रेच नाही त्यात ती बसवताच येत नाही, तरी ‘करून देतो’ म्हणणारे भेटतात. त्यांना सरळ विचारा, चिप घालणार कुठे?

अँड्रॉइडच्या काही फोनमध्ये खरा अनलॉक कोड असतो, पण तोही कंपनीकडूनच येतो. ऑनलाइन विकत घेतलेले कोड अंदाजाने मारू नका. चुकीच्या प्रयत्नांची संख्या मर्यादित असते, ती संपली की खरा कोडही फोन घेत नाही.

आणि कोणी ‘आयएमईआय बदलून देतो’ म्हणाला तर फोन उचलून दुकानाबाहेर पडा. दूरसंचार कायदा २०२३ नुसार अशी छेडछाड हा गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

डेटा चालतो, कॉल लागत नाही

हे कुलूप नव्हे. जिओकडे टूजी-थ्रीजी नाही, त्यामुळे आवाज जातो तो व्होल्टीवरूनच, म्हणजे फोरजीच्या जाळ्यावरून कॉल नेण्याच्या पद्धतीनेच. फोनमधल्या सॉफ्टवेअरला जिओचं व्होल्टी ओळखीचं नसेल तर इंटरनेट धावतं आणि कॉल लागत नाही. अमेरिकेतल्या प्रीपेड कंपन्यांच्या स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये हे हमखास आढळतं. शिवाय त्यांत भारतातले बँड, म्हणजे इथल्या कंपन्या वापरतात ते लहरींचे पट्टे, अपुरे असू शकतात. फोरजीसाठी बँड ३, ५ आणि ४०, फाइव्हजीसाठी एन७८ आणि जिओकरता एन२८, एवढे मॉडेल क्रमांकावरून पाहून घ्यावेत.

तपासताना लोक वायफाय बंद करायला विसरतात. वायफाय चालू असलं की कॉल वायफायवरून जातो आणि फोन ठीक आहे असा समज होतो, मग मंगळ बाजारात गेल्यावर कळतं. म्हणून वायफाय बंद करा, एक कॉल लावा, एक घ्या. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये डायलरवर *#*#४६३६#*#* दाबल्यावर माहितीचं पान उघडतं. त्यात आयएमएसची, म्हणजे व्होल्टी कॉल चालवणाऱ्या यंत्रणेची, स्थिती ‘नॉट रजिस्टर्ड’ असेल तर दोष व्होल्टीचा आहे. आधी फोन पूर्ण अपडेट करून पाहा. तरीही जमलं नाही तर एअरटेलचं सिम घालून पाहा, कारण तिथे कॉलसाठी टूजीचा आधार आहे. फोन रूट करून, म्हणजे सॉफ्टवेअरची सुरक्षा तोडून त्याचा पूर्ण ताबा घेऊन, व्होल्टी घुसवण्याच्या फंदात आईच्या फोनवर पडू नका.

हॉटस्पॉटसाठी अमेरिकी युक्त्या भारतात करणे

अमेरिकेत बऱ्याच प्लॅनमध्ये हॉटस्पॉटचे वेगळे पैसे पडतात. तिथे २०१२ मध्ये व्हेरायझनने हॉटस्पॉटची ॲप अडवल्याच्या प्रकरणात १२.५ लाख डॉलर भरून सरकारी चौकशी मिटवली होती. कंपनी हॉटस्पॉट ओळखते ती अनेक प्रकारे. त्यांतला एक म्हणजे डेट्याच्या प्रत्येक तुकड्यावरचा, म्हणजे पाकिटावरचा, टीटीएल हा आकडा. फोनमधून थेट निघालेल्या पाकिटावर तो सहसा ६४ असतो, लॅपटॉपचं पाकीट फोनमधून जाताना एकने कमी होतं. म्हणून तिथले व्हिडिओ लॅपटॉपवर ६५ करायला सांगतात. आपल्याकडे त्याचा काही उपयोग नाही. जिओ, एअरटेलच्या नेहमीच्या प्लॅनमध्ये हॉटस्पॉटचे वेगळे पैसे नाहीत, तो त्याच रोजच्या डेट्यातून जातो. फोन रूट केलात तर मात्र नुकसान खरं: बँकांची आणि यूपीआयची ॲप बंद पडू शकतात, आणि सॅमसंगमधला नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज एकदा उडाला की सिक्युअर फोल्डर हा खाजगी कप्पा कायमचा जातो.

तरीही हॉटस्पॉट दाबल्यावर ‘कंपनीशी संपर्क करा’ असा संदेश आला, तर तो बहुधा रिकाम्या एपीएनचा, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटशी जोडणाऱ्या नावाच्या चौकटीचा, दोष असतो. आयफोनवर सेटिंग्जमध्ये मोबाइल डेटा, मग मोबाइल डेटा नेटवर्क उघडा आणि अगदी तळाशी जा. तिथे ‘पर्सनल हॉटस्पॉट’ची वेगळी एपीएन चौकट आहे, वरची नव्हे. जिओला ‘जिओनेट’, एअरटेलला ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’, बीएसएनएलला ‘बीएसएनएलनेट’, सगळं लहान इंग्रजी अक्षरांत, जागा न सोडता. मग फोन बंद करून चालू करा. अँड्रॉइडवर जुनं एपीएन करड्या रंगात अडकलेलं असेल तर नवं बनवा आणि एपीएन टाइपमध्ये ‘डिफॉल्ट, एसयूपीएल, डीयूएन’ हे तिन्ही इंग्रजी लहान अक्षरांत स्वल्पविराम देऊन लिहा. एमसीसी आणि एमएनसीचे (देशाचे आणि कंपनीचे) आकडे आपोआप येतात, त्यांना हात लावू नका.

लॅपटॉपला हॉटस्पॉट दिसतच नसेल तर आयफोन १२ पासून पुढच्या फोनमध्ये ‘मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी’ चालू करा. जुन्या लॅपटॉपना ५ गिगाहर्ट्झचं जाळं दिसत नाही. जोडलं जातं पण रांगतं, तर आधी दिवसाचा डेटा संपला का ते पाहा. तो संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येतो. विंडोजची अपडेट २ जीबी सकाळीच खाऊन टाकतात, तेव्हा त्या वायफायला विंडोजमध्ये ‘मीटर्ड’ करून ठेवा.

फेसटाइम ‘वेटिंग फॉर ॲक्टिव्हेशन’वर अडणे

सगळं जमलं तरी नातवंडांशी बोलायचं फेसटाइम, म्हणजे ॲपलचं व्हिडिओ कॉलचं ॲप, नंबरवर सुरू होत नाही. सुरू करताना फोन गुपचूप एक परदेशी एसएमएस पाठवतो. पॅकमधले रोजचे १०० एसएमएस देशातले असतात, त्यात तो बसत नाही. मुख्य बॅलन्स शून्य असेल तर तो एसएमएस जातच नाही. टॉकटाइमचं एक छोटं रिचार्ज करा, फेसटाइम बंद करून पुन्हा चालू करा, आणि हे सिम बदलल्यानंतरचे २४ तास उलटल्यावरच करा.

खांच्यातून किंवा ओळखीतून वापरलेला परदेशी फोन घेत असाल, तर पैसे देण्याआधी *#०६# दाबून आयएमईआय घ्या आणि इंग्रजीत ‘केवायएम’, मग जागा सोडून तो आकडा, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन काळ्या यादीत आहे का, ते कळेल. कुलूप मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी स्वतःचं सिम घालून, वायफाय बंद करून, दुकानातच एक कॉल लावून पाहा.