हौशी आणि व्यावसायिक मुष्टियुद्धाची तुलना करताना या चुका टाळा

ऑलिम्पिकमधील पदके एका बाजूला आणि व्यावसायिक रिंगमधील पट्टे (विजेत्याला मिळणारे विजेतेपदाचे कमरपट्टे) दुसऱ्या बाजूला मांडून त्यांच्या बेरजेवर मुष्टियोद्ध्याची थोरवी ठरवण्याची पद्धत सर्रास आढळते. या पद्धतीत सर्वाधिक अन्याय होतो तो हौशी मुष्टियुद्धातील सर्वश्रेष्ठ खेळाडूंवर, कारण त्यांच्यापैकी अनेकांच्या नावावर एकही पट्टा नाही आणि त्याचे कारण बहुधा रिंगच्या बाहेर सापडते.

‘व्यावसायिक झाला नाही, म्हणजे कस लागला नाही’

ही सर्वांत मोठी चूक आहे. क्यूबाच्या तेओफिलो स्टीव्हन्सन याने १९७२, १९७६ आणि १९८० अशा सलग तीन ऑलिम्पिकमध्ये हेवीवेट गटाचे सुवर्णपदक जिंकले. त्याच देशाच्या फेलिक्स सावोनने १९९२ ते २००० या काळात तोच पराक्रम केला आणि त्याखेरीज सहा जागतिक विजेतेपदे मिळवली. क्यूबाच्या सरकारने १९६०च्या दशकाच्या आरंभी व्यावसायिक खेळांवर बंदी घातली होती, त्यामुळे व्यावसायिक व्हायचे तर मायदेश कायमचा सोडावा लागे. मुहम्मद अलीशी स्टीव्हन्सनची लढत व्हावी अशी चर्चा बराच काळ चालली, पण ती लढत कधीच झाली नाही. न झालेल्या लढतीवरून कोणालाही दुबळा ठरवता येत नाही.

हंगेरीच्या लास्लो पाप याची कहाणी मला याहूनही चटका लावणारी वाटते. १९४८, १९५२ आणि १९५६ या तीन ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारा हा पहिला मुष्टियोद्धा होता. व्यावसायिक रिंगमध्ये तो १९५७ साली, म्हणजे वयाच्या ३१ व्या वर्षी उतरला आणि तेही सरकारची खास परवानगी मिळवून. पुढच्या २९ लढतींत तो एकदाही हरला नाही. त्यांपैकी २७ लढती त्याने जिंकल्या आणि २ बरोबरीत सुटल्या. १९६२ मध्ये तो मिडलवेट गटाचा युरोपीय विजेता झाला. जागतिक विजेतेपदाची संधी जवळ आली असतानाच सरकारने परवानगी काढून घेतली आणि तिथेच त्याची कारकीर्द संपली. म्हणून खेळाडूच्या नावापुढे जगज्जेतेपद दिसले नाही, तर त्याला ते मिळवण्याची मोकळीक होती का आणि असल्यास कोणत्या वयात मिळाली, हे आधी तपासावे.

दोन्ही खेळ एकच आहेत असे समजणे

हौशी लढत तीन फेऱ्यांची असते, तर पुरुषांची व्यावसायिक जागतिक विजेतेपदाची लढत तीन मिनिटांच्या बारा फेऱ्यांची असते. शिवाय १९९२ ते २०१२ या काळात ऑलिम्पिकमध्ये संगणकीय गुणपद्धती होती आणि पाचपैकी तीन पंचांनी जवळजवळ एकाच क्षणी कळ दाबली तरच ठोसा मोजला जाई. त्या पद्धतीत स्वच्छ, सुटा ठोसा मारून मागे हटणाऱ्याला लाभ होत असे. शरीरावर सतत मारा करून प्रतिस्पर्ध्याला थकवणाऱ्याच्या पदरी फारसे काही पडत नसे.

युक्रेनच्या वासिल लोमाचेन्कोच्या बाबतीत हा फरक ठळकपणे दिसतो. हौशी गटातील त्याची नोंद ३९६ विजय आणि अवघा १ पराभव अशी सांगितली जाते. २००८ आणि २०१२ ची ऑलिम्पिक सुवर्णपदके त्यातच आली. मार्च २०१४ मध्ये, दुसऱ्याच व्यावसायिक लढतीत, तो ओर्लान्दो सालिदोकडून हरला. सालिदो वजनमर्यादेपेक्षा जड होता आणि त्याने कमरेखालीही भरपूर ठोसे मारले, हे खरेच. पण लोमाचेन्कोने सुरुवातीच्या फेऱ्या हातच्या घालवल्या हेही तितकेच खरे. तिसऱ्या लढतीत त्याने गॅरी रसेल ज्युनिअरला हरवून पट्टा मिळवला आणि बाराव्या लढतीपर्यंत तो तीन वजनगटांत जगज्जेता झाला होता. हौशी कौशल्य वाया जात नाही, फक्त लांब पल्ल्याच्या लढतीसाठी ते नव्याने घडवावे लागते.

एकाच निकालावर विसंबणे

१९८८ च्या सोल ऑलिम्पिकमधील अंतिम लढतीत अमेरिकेच्या रॉय जोन्स ज्युनिअरला यजमान देशाच्या पार्क सी-हुनविरुद्ध पराभूत ठरवण्यात आले, पण स्पर्धेतील सर्वोत्तम शैलीदार मुष्टियोद्ध्याचा वॅल बार्कर करंडक मात्र जोन्सलाच मिळाला. १९८४ मध्ये हेन्री टिलमनने अमेरिकेच्या ऑलिम्पिक निवडीत माइक टायसनला रोखले आणि पुढे सुवर्णपदकही जिंकले. १९९० मध्ये टायसनने त्याला पहिल्याच फेरीत बाद केले. यांपैकी कोणताही एक निकाल हाती धरला, तर चित्र अर्धवटच दिसेल.

क्यूबाचा गियेर्मो रिगोंदो आणि लोमाचेन्को यांच्या डिसेंबर २०१७ मधील लढतीबद्दलही असेच होते. दोघांकडेही प्रत्येकी दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके होती. सहा फेऱ्यांनंतर रिगोंदोने माघार घेतली, पण तेव्हा तो ३७ वर्षांचा होता आणि दोन वजनगट वर चढून लढत होता. हौशी काळात दोघांत श्रेष्ठ कोण, याचे उत्तर त्या रात्रीत शोधू नये.

सगळे पट्टे सारखेच मानणे

भारतीय चाहत्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. विजेंदर सिंगने २००८ मध्ये बीजिंगला कांस्यपदक जिंकले आणि ऑलिम्पिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय मुष्टियोद्धा ठरला. २०१५ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, तो व्यावसायिक झाला आणि पहिल्या बाराही लढती त्याने जिंकल्या. २०१६ मध्ये दिल्लीत मिळालेला त्याचा डब्ल्यूबीओ (वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशन) या संघटनेचा आशिया पॅसिफिक पट्टा प्रादेशिक होता. तो जगज्जेतेपदाचा नव्हता. मार्च २०२१ मध्ये पणजीत, मांडवीतल्या कॅसिनो जहाजावर, रशियाच्या आर्तिश लोप्सानने त्याला पहिला पराभव दाखवला. माझ्या मते त्याचे बीजिंगचे पदक त्या पट्ट्याहून कितीतरी मोठे आहे.

उलट दिशेची तुलना विसरणे

व्यावसायिक खेळाडू हौशी स्पर्धेत सहज जिंकेल, हेही गृहीत धरले जाते. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये व्यावसायिकांना प्रथमच प्रवेश मिळाला, तेव्हा अम्नात रुएनरोएंग, हसन एनडाम आणि कार्मिने तोम्मासोने हे तिघे उतरले. त्यांपैकी पहिले दोघे माजी जगज्जेते होते. एनडाम पहिल्याच लढतीत हरला आणि तिघांपैकी एकालाही पदक मिळाले नाही.